जुनी मोटारगाडी सुरू न होणे

जुनी मोटारगाडी सुरू न होणे हा कार्ब्युरेटर, डेल्को आणि साधी विद्युतयंत्रणा असलेल्या वाहनांत वारंवार आढळणारा बिघाड होय. चावी फिरवल्यावर किंवा सेल्फचे बटण दाबल्यावर इंजिन अजिबात न फिरणे, अत्यंत मंद फिरणे, अथवा नेहमीच्या वेगाने फिरूनही न पेटणे अशा तीन रूपांत तो प्रकट होतो. या तिन्हींची कारणे भिन्न असल्यामुळे बिघाड कोणत्या रूपातला आहे हे ओळखणे ही निदानाची पहिली पायरी ठरते.

पेट्रोल इंजिन सुरू होण्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी लागतात: इंजिनाला मिळणारी पुरेशी गती, योग्य क्षणी पडणारी ठिणगी, योग्य प्रमाणातील पेट्रोल व हवेचे मिश्रण आणि सिलिंडरमधील पुरेसा दाब. यांपैकी एकीचा अभाव असला तरी इंजिन सुरू होत नाही. त्यामुळे सुटे भाग अंदाजाने बदलत जाण्यापेक्षा चारपैकी नेमकी कोणती गोष्ट गैरहजर आहे हे क्रमाने तपासणे कमी खर्चाचे आणि अधिक खात्रीचे असते. नव्या गाड्यांतील दोष शोधण्यासाठी बहुधा संगणकीय उपकरण लागते. जुन्या गाडीतील बहुतेक दोष मात्र पाना, पेचकस, टेस्ट लॅम्प आणि प्लग पाना एवढ्या साधनांनी जागेवरच सापडतात.

## व्याप्ती आणि पार्श्वभूमी

प्रस्तुत लेखात 'जुनी मोटारगाडी' ही संज्ञा इंधनपुरवठा व ठिणगी यांवर संगणकीय नियंत्रण नसलेल्या गाड्यांसाठी वापरली आहे. महाराष्ट्रात अशा गाड्यांचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होत असे. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट या नावाने आलेल्या या गाडीला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले. १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे तिचे चार सिलिंडरचे इंजिन मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींत अनेक दशके वापरात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या; खासगी मालकीच्या काही गाड्या अद्याप चालू स्थितीत आहेत.

हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर, १९४७ पासून मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या विलीस जीपपासून विकसित झालेल्या महिंद्राच्या पेट्रोल व डिझेल जीपगाड्या, तसेच डिसेंबर १९८३ मध्ये वितरण सुरू झालेल्या मारुती ८०० च्या कार्ब्युरेटर असलेल्या आवृत्त्या याच वर्गात येतात. २००० च्या सुमारास प्रदूषणविषयक नियम कडक झाल्यावर कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याने घेतली.

या गाड्या आज मोठ्या शहरांतील संग्राहकांकडे जशा आढळतात, तशाच लहान गावांतही आढळतात. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावी जुनी जीप किंवा मारुती ही हौसेची वस्तू नसून बाजार, दवाखाना व शेत यांसाठीचे साधन असते. अशा ठिकाणी या जातीच्या गाडीचा जाणकार मिस्त्री आणि सुटे भाग तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावीच मिळण्याची शक्यता अधिक असते. गाडी ओढून नेण्यापूर्वी दोषाचे मूळ कळणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

## कारागिरांची परिभाषा

गॅरेजमध्ये रूढ असलेले शब्द आणि पुस्तकी संज्ञा यांत बराच फरक आहे. इंजिनाला प्रारंभिक गती देणाऱ्या विद्युत मोटारीला 'सेल्फ' म्हणतात. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत प्रारंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत प्रथम बसवण्यात आला आणि त्यानंतर हाताने हँडल मारण्याची गरज हळूहळू संपली. प्रत्येक सिलिंडरला क्रमाने उच्च दाबाची वीज वाटणाऱ्या भागाला 'डेल्को' म्हणतात; हे नाव केटरिंग यांनी सहकाऱ्यासह स्थापन केलेल्या अमेरिकी कंपनीच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आले आहे. डेल्कोतील उघडझाप करणाऱ्या संपर्कबिंदूंना 'पॉइंट', ठिणगीला 'करंट', विद्युत जनित्राला 'डायनॅमो' आणि इंजिनाच्या बाजूला बसवलेल्या यांत्रिक पेट्रोल पंपाला 'एसी पंप' असे म्हटले जाते. इंजिन पेटून स्वतःच्या बळावर फिरू लागले म्हणजे ते 'पकडले' असे म्हणतात. डिझेल गाडीच्या इंधननळीत हवा शिरली म्हणजे गाडीने 'एअर धरली' असा शब्दप्रयोग होतो.

## प्रारंभाची क्रिया

चावी फिरवल्यावर बॅटरीतील विद्युतप्रवाह सोलेनॉइडमार्फत सेल्फकडे जातो. सेल्फचे लहान दातेरी चाक फ्लायव्हीलच्या कडेवरील दात्यांत अडकते आणि इंजिन फिरू लागते. या क्षणी सेल्फ शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह घेऊ शकते. म्हणूनच दिवे व हॉर्न नीट चालवणारी बॅटरी सेल्फ फिरवण्यास असमर्थ ठरू शकते.

त्याच वेळी कॉईलमधून कमी दाबाचा प्रवाह वाहत असतो. पॉइंट उघडताच हा प्रवाह खंडित होतो आणि कॉईलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. तो डेल्कोतील रोटरमार्गे संबंधित स्पार्क प्लगपर्यंत पोहोचतो. पॉइंटला समांतर जोडलेला कंडेन्सर पॉइंटवर ठिणगी पडू देत नाही आणि प्रवाह झटकन तुटण्यास साहाय्य करतो. इंजिन फिरू लागताच एसी पंप टाकीतून पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरच्या फ्लोट कक्षात भरतो. थंड इंजिनास दाट मिश्रण लागते. त्यासाठी चोक ओढून हवेचा मार्ग अरुंद केला जातो.

## निदानाचा क्रम

निदानाचा आरंभ ऐकण्यापासून होतो. चावी फिरवताना येणाऱ्या आवाजावरून शोधाचे क्षेत्र पुढीलप्रमाणे मर्यादित करता येते:

* कोणताही आवाज नाही: बॅटरी पूर्ण उतरलेली, टर्मिनल सैल, चावीचा स्विच खराब किंवा सोलेनॉइडची तार तुटलेली.
* एकच 'टक्' असा आवाज: सोलेनॉइड ओढला जातो, परंतु सेल्फपर्यंत पुरेसा प्रवाह पोहोचत नाही, अथवा सेल्फ किंवा इंजिन अडकलेले आहे.
* जलद 'टकटक': बॅटरी अशक्त किंवा तिची जोडणी खराब.
* सेल्फची घरघर, पण इंजिन स्थिर: सेल्फचे दातेरी चाक फ्लायव्हीलमध्ये अडकत नाही.
* मंद, जड फिरणे: अशक्त बॅटरी, खराब अर्थिंग, अतिघट्ट ऑइल किंवा झिजलेले सेल्फ.
* नेहमीच्या वेगाने फिरणे, पण न पकडणे: ठिणगी किंवा इंधन यांपैकी एकाचा अभाव.
* नेहमीपेक्षा हलके व वेगाने फिरणे: सिलिंडरमध्ये दाब नाही, टाइमिंगचा पट्टा किंवा साखळी तुटल्याची शक्यता.

तपासणी करताना एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहूनच पुढे जावे. पॉइंट, प्लग व कार्ब्युरेटर एकाच वेळी उघडल्यास मूळ दोष दूर झाला तरी तो कशामुळे दूर झाला हे कळत नाही, आणि जुळणीतील नव्या चुकीची भर पडण्याचा धोका असतो. गाडी बंद पडण्यापूर्वी कोणते काम झाले होते याची चौकशीही उपयुक्त ठरते. नुकताच हाताळलेला भाग प्रथम तपासावा.

## सेल्फ न फिरणे

### दिव्यांची चाचणी

पुढचे मोठे दिवे लावून सेल्फ मारणे ही उपकरणाविना करता येणारी सर्वांत उपयुक्त चाचणी आहे. दिवे प्रखर राहिले आणि सेल्फ मुळीच हलले नाही, तर प्रवाह सेल्फपर्यंत जातच नाही. दोष स्विच, सोलेनॉइड, तारा किंवा सेल्फचे ब्रश यांत असतो. दिवे अतिशय मंद झाले तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ अथवा इंजिन अडकले आहे. दिवे एकदम विझून सेल्फ सोडल्यावर परत लागले, तर टर्मिनलची जोडणी सैल किंवा गंजलेली असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

### बॅटरी व जोडण्या

पूर्ण भरलेल्या १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीचा दाब काही तास विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट असतो. तो १२ व्होल्टच्या आसपास आल्यास बॅटरी बहुतांशी उतरलेली समजावी. सेल्फ मारताना दाब ९.५ व्होल्टच्या बराच खाली जाणे हे अशक्त बॅटरीचे लक्षण होय. मात्र नवी बॅटरी घेण्यापूर्वी टर्मिनल तपासणे आवश्यक आहे. त्यांवर साचणारा पांढरा-हिरवट थर वीज अडवतो. टर्मिनल सोडवून गरम पाणी व खाण्याचा सोडा यांनी धुवावे, पॉलिश पेपरने घासावे, घट्ट बसवावे व वरून व्हॅसलीन लावावे.

इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी हा वारंवार दुर्लक्षिला जाणारा भाग आहे. इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असल्याने सेल्फचा परतीचा प्रवाह याच पट्टीतून जातो. ती तुटल्यास प्रवाह चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून मार्ग काढतो. सेल्फ मारल्यावर या केबल गरम होत असल्यास अर्थिंग खराब असल्याचे निश्चित समजावे. जंपर केबलचे एक टोक इंजिनाच्या धातूला व दुसरे बॅटरीच्या अर्थिंगकडील टर्मिनलला जोडून याची खात्री करता येते.

### सेल्फ अडकणे

जुन्या पद्धतीच्या सेल्फचे दातेरी चाक कधी कधी फ्लायव्हीलच्या दात्यांत रुतून बसते. अशा वेळी चावी बंद ठेवून गाडी वरच्या गिअरमध्ये टाकावी आणि मागे-पुढे हलवावी. चाक बहुधा सुटते. ब्रश चिकटले असल्यास सेल्फच्या आवरणावर लाकडी दांड्याने हलके ठोकल्याने ते तात्पुरते चालू होते. परंतु हा दुरुस्तीचा पर्याय नव्हे. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये व दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट जाऊ द्यावे.

## सेल्फ फिरते, इंजिन पकडत नाही

### ठिणगीची तपासणी

एका प्लगची तार काढून ती सुट्या, चांगल्या प्लगला जोडावी. त्या प्लगचे धातूचे अंग इंजिनाच्या स्वच्छ धातूस पक्के टेकवावे आणि दुसऱ्या व्यक्तीस सेल्फ मारण्यास सांगावे. निळसर, 'चट्' असा आवाज करणारी ठिणगी समाधानकारक होय. पिवळट व क्षीण ठिणगी कॉईल, कंडेन्सर किंवा पॉइंटमधील दोष दर्शवते. प्लग हातात धरू नये. तसेच ही चाचणी सांडलेल्या पेट्रोलजवळ करू नये.

ठिणगी नसल्यास उगमाकडून टोकाकडे जावे. चावी चालू असताना कॉईलच्या स्विचकडील टोकाला टेस्ट लॅम्प लागत नसेल, तर दोष स्विच किंवा तारेत आहे. तेथे लॅम्प लागत असल्यास तो कॉईलच्या डेल्कोकडील टोकाला लावून सेल्फ मारावे. लॅम्प उघडझाप करत असल्यास पॉइंट काम करत आहेत. तो सतत पेटलेला राहिल्यास पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांवर मळ आहे. तो मुळीच पेटत नसल्यास पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर आतून चिकटला आहे किंवा कॉईलचे वेटोळे तुटले आहे.

पॉइंट काळवंडले असल्यास बारीक पॉलिश पेपरने घासून कोरड्या कापडाने पुसावेत. पूर्ण उघडलेल्या स्थितीत त्यांतील अंतर बहुतेक गाड्यांत सुमारे ०.४ मिलिमीटर असते. अचूक माप त्या त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावे. प्लगमधील अंतर साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर ठेवतात. फीलर गेज नसताना मिस्त्री प्लगच्या अंतरासाठी हॅक्सॉ ब्लेडच्या पात्याचा आधार घेतात. पॉइंट पुन्हापुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदलावा.

डेल्कोची टोपी आतून पाहिल्यास केसासारखी काळी रेघ दिसू शकते. ही तडा किंवा कार्बनची वाट असून उच्च दाबाची वीज तिच्यातून भलतीकडे जाते. रोटरला पडलेली चीर, झिजलेला मधला कार्बन व ओलावा हेही नेहमीचे दोष होत. तारा काढण्यापूर्वी त्यांवर खुणा कराव्यात. पद्मिनी व अ‍ॅम्बॅसेडर यांच्या चार सिलिंडरच्या इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा, तर तीन सिलिंडरच्या मारुती ८०० मध्ये १-३-२ असा असतो. क्रम चुकल्यास इंजिन कार्ब्युरेटरमधून भडका मारते किंवा सायलेन्सरमधून फटाके फोडते.

सेल्फ मारताना इंजिन पकडते, पण चावी सोडताच बंद पडते, हे लक्षण विशेष सूचक आहे. ज्या गाड्यांत कॉईलला रोधकातून वीज दिली जाते, तेथे सेल्फ मारताना रोधक वगळला जातो. तो तुटला असल्यास इंजिन केवळ सेल्फ चालू असेपर्यंतच पेटते. रोधक नसलेल्या गाडीत हेच लक्षण चावीच्या स्विचमधील खराब संपर्क दर्शवते.

### इंधनाची तपासणी

जुन्या गाडीच्या पेट्रोल काट्यावर विसंबू नये. टाकीत पेट्रोल आहे याची प्रत्यक्ष खात्री करावी. त्यानंतर एअर क्लीनर काढून, इंजिन बंद असताना कार्ब्युरेटरच्या तोंडातून पाहत अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा हाताने हलवावा. प्रवेगक पंप असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची बारीक चिळकांडी दिसल्यास फ्लोट कक्षापर्यंत पेट्रोल पोहोचले आहे असे समजावे.

चिळकांडी दिसली नाही तर कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून तिचे टोक बाटलीत धरावे, कॉईलची तार काढून ठेवावी आणि सेल्फ मारावे. ठोक्याठोक्याने पेट्रोल येत असल्यास पंप ठीक असून अडथळा फ्लोटच्या सुईत किंवा जेटमध्ये आहे. पेट्रोल न आल्यास तुंबलेला फिल्टर, पंपाचा फाटलेला पडदा, पंपावरील काचेच्या भांड्याचे सैल गॅस्केट किंवा चिरलेली रबरी नळी यांचा शोध घ्यावा. टाकी व पंप यांच्यामधील नळीत सूक्ष्म चीर असल्यास पेट्रोल बाहेर गळतेच असे नाही. पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजल्यानेही पुरवठा थांबतो. झाकण उघडताच 'फस्स' असा आवाज येऊन गाडी सुरू झाल्यास कारण स्पष्ट होते.

याउलट पेट्रोलचा तीव्र वास आणि ओले प्लग ही 'ओव्हरफ्लो'ची लक्षणे होत. वारंवार अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याने किंवा गरम इंजिनास चोक दिल्याने असे घडते. चोक आत ढकलून, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरावा व सेल्फ मारावे. जादा पेट्रोल हवेबरोबर बाहेर पडते. तरीही पेट्रोल वाहत राहिल्यास फ्लोटच्या सुईखाली कचरा अडकला आहे असे मानून कार्ब्युरेटरच्या कक्षावर पेचकसाच्या मुठीने हलके ठोकावे. पेट्रोल इंजिनावर सांडत असल्यास सेल्फ मारणे तत्काळ थांबवावे.

### दाब व टाइमिंग

ठिणगी व पेट्रोल दोन्ही असूनही इंजिन न पेटल्यास टाइमिंग व दाब तपासावेत. डेल्कोची टोपी काढून सेल्फ मारल्यावर रोटर फिरत नसेल तर कॅमशाफ्टला गती देणारी साखळी, पट्टा किंवा डेल्कोचा दातेरी भाग तुटला आहे. रोटर फिरत असल्यास डेल्कोचा पकडबोल्ट सैल होऊन तो जागेवरून सरकला आहे का ते पाहावे. दाबमापक उपलब्ध असल्यास सर्व प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजावा. नेमक्या आकड्यापेक्षा सिलिंडरमधील परस्पर फरक अधिक बोलका असतो. कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडल्यावर दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट सदोष मानतात.

## हवामानाचा परिणाम

उन्हाळा: पश्चिम विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. चाललेली गाडी थांबवल्यावर इंजिनाची उष्णता पंप व नळ्यांत शिरते, पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. गाडी थंड सकाळी नीट सुरू होऊन दुपारी दहा-पंधरा मिनिटांच्या थांब्यानंतर सुरू होत नसेल तर हा दोष संभवतो. बॉनेट उघडून वाट पाहणे व पंपावर ओले फडके ठेवणे हे रूढ उपाय आहेत. तापलेल्या काचेच्या भांड्यावर थेट गार पाणी ओतू नये. नेमके हेच लक्षण तापल्यावर निकामी होणारी कॉईलही दाखवते. दोहोंत भेद करण्यासाठी इंजिन गरम असतानाच ठिणगी तपासावी: ठिणगी जोरकस असेल तर दोष पेट्रोलचा, क्षीण असेल तर कॉईल किंवा कंडेन्सरचा.

पावसाळा: दमट हवेत डेल्कोची टोपी, कॉईलचे तोंड व प्लगच्या तारा यांवर ओलावा धरतो. हे भाग कोरड्या कापडाने आतून-बाहेरून पुसणे बहुधा पुरेसे असते. जुन्या तारांतून वीज गळत असल्यास अंधारात बॉनेट उघडून पाहिल्यावर निळसर ठिणग्या दिसतात. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचे सेल्फ कदापि मारू नये. सिलिंडरमधील पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. प्रथम प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे.

हिवाळा: थंडीत बॅटरीची क्षमता घटते व ऑइल घट्ट होते. उन्हाळ्यात अशक्त झालेली बॅटरी बहुधा हिवाळ्याच्या पहाटे उघडी पडते.

## दीर्घकाळ उभी असलेली गाडी

अनेक महिने उभ्या असलेल्या गाडीची चावी लगेच फिरवणे हानिकारक ठरू शकते. पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि उरलेला चिकट अंश जेट व सुई बंद करतो. टाकीत गंज धरतो. पॉइंटवर थर जमतो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे आणि इंजिन हाताने दोन-चार वेळा फिरवून ते मोकळे असल्याची खात्री करावी. ऑइल व पाण्याची पातळी पाहावी, जुने पेट्रोल काढून फ्लोट कक्ष स्वच्छ करावा आणि उंदरांनी तारा कुरतडल्या आहेत का ते तपासावे. गाडी सुरू झाली तरी ब्रेक तपासल्याशिवाय रस्त्यावर आणू नये.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण भारतात वाढत गेले असून २०२५ पर्यंत २० टक्के मिश्रण देशभर प्रचारात आले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी अधिक झाल्यास ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते आणि पंप नेमका तोच थर ओढतो. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या, पंपाचा पडदा व गॅस्केट या मिश्रणासाठी बनवलेली नसल्यामुळे ती फुगू किंवा चिरू शकतात. म्हणून इथेनॉलरोधक नळ्या बसवणे आणि फार दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल न ठेवणे हितावह ठरते.

## डिझेल गाड्या

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारले जाऊन ते पेटते. त्यामुळे बॅटरीची ताकद व सिलिंडरचा दाब यांना येथे अधिक महत्त्व आहे. ज्या इंजिनांत हीटर प्लग असतात ती हीटर बंद पडल्यास थंडीत सुरू होत नाहीत. टाकी रिकामी झाल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर नळीत हवा शिरते. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडे थांबून अखंड डिझेल येऊ लागल्यावर स्क्रू आवळावा. इंजिन बंद करण्याची दोरी ओढलेलीच राहिली नाही ना, हेही पाहावे. फवाऱ्याच्या मार्गात हात घालू नये; उच्च दाबाचे डिझेल त्वचा भेदून शरीरात शिरते व गंभीर इजा करते.

## तात्पुरते उपाय

दुसऱ्या बॅटरीचा आधार: दोन्ही बॅटऱ्या समान व्होल्टच्या असाव्यात. लाल केबल प्रथम उतरलेल्या आणि नंतर चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला जोडावी. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटी बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून दूर, जोडावी. काढताना क्रम उलटा ठेवावा. काही जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. तारा लावण्यापूर्वी ते पाहणे अत्यावश्यक आहे.

धक्का देणे: चावी चालू ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी ढकलावी व वेग आल्यावर क्लच झटकन सोडावा. कॉईलला लागणारी थोडी वीज बॅटरीत शिल्लक असेल तरच हा उपाय लागू पडतो. उतारावर गाडीपुढे कोणीही उभे राहू नये.

हँडल मारणे: जीप व अ‍ॅम्बॅसेडर यांसारख्या गाड्यांत ही सोय असे. गिअर न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक ओढलेला असावा. अंगठा मुठीभोवती न वळवता बोटांच्याच बाजूस ठेवावा आणि हँडल खालून वर ओढावे. इंजिनाने उलटा झटका दिल्यास अन्यथा मनगट किंवा अंगठा मोडू शकतो.

## सुरक्षितता

बॅटरी भरताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो. तिच्याजवळ विडी, काडी वा ठिणगी नसावी. आम्ल डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी. इंजिन सुरू करण्यासाठी कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतण्याची प्रथा प्रचलित असली तरी ती धोकादायक आहे: इंजिनाने उलटा भडका मारल्यास हातातील बाटलीच पेट घेते. तोंडाने नळीतून पेट्रोल ओढणेही टाळावे, कारण ते फुप्फुसांत गेल्यास प्राणघातक ठरू शकते. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नये. फॅनबेल्टजवळ काम करताना उपरणे, ओढणी किंवा पदर आवरून घ्यावा.

## प्रतिबंधक देखभाल

आठवड्यातून एकदा गाडी काही किलोमीटर चालवणे, बॅटरीच्या पाण्याची पातळी राखणे, टर्मिनल स्वच्छ ठेवणे, पॉइंट व प्लग यांची ठरावीक काळाने तपासणी करणे आणि इंधन फिल्टर वेळेवर बदलणे यांनी बहुतेक प्रारंभदोष टळतात. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवरील दाब सुमारे १३.८ ते १४.४ व्होल्ट नसल्यास डायनॅमो किंवा अल्टरनेटर, त्याचा रेग्युलेटर आणि फॅनबेल्ट तपासावेत. हे न करता नवी बॅटरी बसवल्यास तीही काही दिवसांतच उतरते. गाडीत जादा पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅनबेल्ट, फ्यूज, टेस्ट लॅम्प व काही मीटर तार बाळगण्याची जुन्या चालकांची पद्धत लांबच्या प्रवासात आजही उपयोगी पडते.

## हे सुद्धा पहा

* प्रीमियर पद्मिनी
* हिंदुस्थान अ‍ॅम्बॅसेडर
* मारुती ८००
* कार्ब्युरेटर
* स्पार्क प्लग
* अंतर्ज्वलन इंजिन
* शिसे-आम्ल विद्युतघट